पुस्तकांची पेटी आणि ती भरणारा

फराळाचे डबे तळाला लागले, पाहुण्यांची वर्दळ ओसरली, की मराठी घरांत एक दुसरी दिवाळी सुरू होते आणि ती पुढे दोन-तीन महिने सहज पुरते. ही दिवाळी अंकांची. सगळेच अंक विकत घेणे कोणाच्याही खिशाला झेपत नाही. म्हणून गावोगावची वाचनालये थोडी अधिक वर्गणी घेऊन अंकांची योजना चालवितात, आणि एकेक अंक दहा-वीस घरे हिंडून येतो. वाचकहो, हा अंकही कदाचित तसाच तुमच्या हाती आला असेल. तसे असेल, तर त्याच्या खाकी वेष्टनाकडे एकदा निरखून पाहा. कोणी तरी ते बेताने कापून घडी घातले आहे, त्यावर क्रमांक टाकला आहे, आत तारखांची चिठ्ठी चिकटविली आहे. अंकाच्या संपादकाचे नाव पहिल्या पानावर असते, लेखकांची अनुक्रमणिकेत असतात, चित्रकाराचे मुखपृष्ठाखाली असते. या चिठ्ठी चिकटविणाराचे नाव मात्र कोठेच नसते.

या माणसाचाही एक इतिहास आहे. पुस्तके सांभाळणे ही विद्या आहे, ती शिकवावी लागते, ती शिकलेल्यास मान आणि वेतन मिळाले पाहिजे, आणि राज्यभर विखुरलेल्या अशा माणसांस एकमेकांच्या वार्ता कळल्या पाहिजेत, हा विचार आपल्या देशात प्रथम जेथे नीट अमलात आला, ते ठिकाण म्हणजे बडोदे. तेथील ग्रंथालयांची कथा सांगताना महाराजांचे औदार्य आणि पुस्तकांची संख्या यांचे वर्णन पुष्कळ होते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र ती कथा ग्रंथपालाच्या टेबलामागे बसून पाहावी असा विचार आहे.

वाचनालये आपल्याकडे बडोद्याच्या आधीही होती. रत्नागिरीचे १८२८ सालचे, नाशिकचे १८४० सालचे, पुण्याचे १८४८ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. यांतील जुनी वाचनालये गोरे अधिकारी आणि नवशिक्षित मंडळी यांच्या उत्साहातून निघाली. ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय मराठी भाषेच्या अभिमानातून निघाले. ती वर्गणीवर चालत, आणि वर्गणी द्यावयाची ती वर्तमानपत्रे व पुस्तके यांसाठी. ती जागेवर ठेवावयास कोणी तरी माणूस लागतो, ही गोष्ट हिशेबात अगदी शेवटी यावयाची. ज्याच्याकडे कपाटाच्या किल्ल्या, तो ग्रंथपाल, एवढीच त्या पदाची व्याख्या होती. पुस्तक हरवू नये हे त्याचे कर्तव्य. आणि पुस्तक न हरविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे ते कोणाला न देणे, हे चतुर किल्लीधारकाच्या लवकरच ध्यानात येते!

बडोद्यात निराळे घडले, त्याचे मूळ शाळेत आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी कुटुंबातील गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला. १८८१ साली राज्यकारभार हाती आल्यावर सयाजीराव महाराजांनी ज्या गोष्टीचा ध्यास घेतला ती म्हणजे प्रजेचे शिक्षण. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. पण सक्तीने शिकलेले मूल चार इयत्ता झाल्या की नांगराकडे वळते. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. मग चार-सहा वर्षांत त्याची अक्षरे पुसून जातात आणि सरकारने खर्चलेला पैसा मातीत जातो. शाळा टिकवावयाची तर शाळेच्या पुढे काही तरी हवे, आणि ते ग्रंथालय होय, हे महाराजांना पटले होते.

१९१० साली महाराज अमेरिकेत गेले असता तेथील फुकट सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. न्यू हेवन या गावी यंग मेन्स इन्स्टिट्यूट नावाच्या संस्थेचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना त्यांनी बडोद्यास बोलावून घेतले. बोर्डन त्याच साली आले आणि १९१३ पर्यंत राहिले. तीन वर्षे म्हणजे फार मोठा काळ नव्हे. राजवाड्यातील महाराजांचा सुमारे वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह प्रजेसाठी खुला झाला; त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पण एवढेच झाले असते, तर बोर्डन गेल्यावर त्या पुस्तकांना पुन्हा कुलूप लागले असते. तसे झाले नाही, याचे कारण १९११ साली त्यांनी सुरू केलेला ग्रंथपालांचा वर्ग.

हिंदुस्थानात ग्रंथपालांना शिक्षण देण्यासाठी निघालेला हा पहिला वर्ग. लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन गृहस्थाने वर्ग काढला तो १९१५ साली, आणि मद्रासला रंगनाथन यांच्या पुढाकाराने शिक्षण सुरू झाले ते १९२९ साली. म्हणजे बडोदे लाहोरच्या चार आणि मद्रासच्या अठरा वर्षे पुढे होते. वर्गात शिकवावयाचे विषय ऐकावयास साधे वाटतात: पुस्तक आले की त्याची नोंद कशी करावी, विषयवारी कशी लावावी, तालिकेची चिठ्ठी कशी लिहावी, देवघेव कशी ठेवावी. पण यातली एकच गोष्ट घ्या. बोर्डन यांनी अमेरिकेतील कटर आणि ड्यूई या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी एक वर्गीकरण तयार केले. वर्गीकरण म्हणजे प्रत्येक विषयाला एक खूण ठरवून द्यावयाची, आणि ती खूण पुस्तकाच्या पाठीवर घालावयाची. त्यामुळे शेतीचे पुस्तक शेतीच्या शेजारी बसते, वैद्यकाचे वैद्यकाच्या. त्याचा अर्थ असा, की ग्रंथपाल बदलला तरी पुस्तक सापडते. किल्लीधारकाचे सारे महत्त्व त्याच्या स्मरणशक्तीवर उभे होते. 'अमुक पुस्तक कोठे आहे ते मलाच ठाऊक' असे तो म्हणू शके. शिकलेल्या ग्रंथपालाने आपले ज्ञान पुस्तकाच्या पाठीवर लिहून ठेवले आणि ते सर्वांचे केले. एका धंद्याचा कारागीर आणि त्या धंद्याचा जाणकार यांतला फरक हाच नाही काय?

बडोदे राज्य नकाशावर पाहिले म्हणजे त्या माणसांपुढचे काम किती अवघड होते हे कळते. सुमारे वीस लाख वस्तीचे हे राज्य सलग नव्हते. बडोदे, नवसारी, कडी, अमरेली हे त्याचे प्रांत इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने यांच्यामध्ये तुकड्यातुकड्यांनी पसरलेले. ओखामंडळ तर पार द्वारकेच्या बाजूस, समुद्रकाठी. अशा राज्यात खेडोपाडी ग्रंथालये काढावयाची ती कशी? यासाठी योजना ठरली ती तिहाईची. गावाने पैसे जमवावे. जितके गाव जमवील तितकेच प्रांताच्या पंचायतीने द्यावे आणि तितकेच सरकारने. खेड्याला अशी मदत वर्षाला प्रत्येकी शंभर रुपयांपर्यंत, कसब्याला तीनशेपर्यंत, प्रांताच्या मुख्य ठिकाणाला सातशेपर्यंत मिळे. इमारत बांधावयाची असली तरी असाच तिसरा हिस्सा. नुसते दान असते तर गावाने ते घेतले असते आणि विसरले असते. पदरचा एक रुपया घातला की तीन होतात, हे गणित गुजरातच्या व्यवहारी शेतकऱ्याला लगेच पटले, आणि ग्रंथालय त्याचे स्वतःचे झाले.

याला अनुकूल भूमी आधीच कोणी तरी नांगरून ठेवली होती. मोतीभाई अमीन हे मूळचे शाळामास्तर. बोर्डन येण्याच्या चार वर्षे आधी, १९०६ पासून, त्यांनी मित्रमंडळे स्थापून गावोगाव वर्तमानपत्रे आणि पुस्तके नेण्याचा उद्योग आरंभिला होता. सरकारी ग्रंथालय खाते निघाल्यावर ते त्यात आले आणि पुढे आयुष्यभर खेडी पालथी घालीत राहिले. गुजरातेत ग्रंथालय चळवळीचे पितामह म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. अमेरिकेहून आलेले शास्त्र आणि मोतीभाईंचे पायी हिंडणे, या दोहोंची गाठ पडली म्हणून बडोद्याची गोष्ट घडली.

ज्या गावात ग्रंथालय काढण्याइतकी शक्ती नव्हती, तेथे पेटी जात असे. फिरत्या ग्रंथालयाची ही पेटी लाकडी, मजबूत, पंधरा ते तीस पुस्तकांची. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा भाषांतली पुस्तके तीत भरलेली असत. काही पेट्या ठरीव पुस्तकांच्या असत, तर काही मागणीप्रमाणे भरून देत. नेण्या-आणण्याचा खर्च सरकार सोशी; गावाने फक्त कोणी तरी जबाबदार माणूस उभा करावयाचा. ही पेटी भरणारा हात हा या सबंध कथेचा कणा आहे. पंधरा-वीसच पुस्तके पाठवावयाची, आणि तीही जे गाव आपण पाहिलेले नाही अशा गावाला! कोणती पाठवाल? नुसत्या कथा पाठवाल तर लोक वाचतील, पण शेती आणि आरोग्य मागे पडेल. नुसता उपदेश पाठवाल तर पेटी न उघडताच परत येईल. हा विवेक कोणत्याही तालिकेत लिहिलेला नसतो. तो वाचून, विचारून आणि चुकून शिकावा लागतो. ज्यांना अक्षरच येत नाही त्यांच्यासाठी खात्याने जादूचा दिवा आणि चलच्चित्रेही दाखविली. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांचा आणि मुलांचा विभाग वेगळा ठेवला. ग्रंथपालाने वाचकाची वाट पाहत बसू नये, त्याच्या दारी जावे, असा या साऱ्याचा रोख होता.

पण वर्गात शिकून गेलेले पुढे एकटे पडतात, आणि खेड्यातले तर कधी वर्गात आलेलेच नसतात. बडोद्यापासून दूर अमरेलीकडच्या एखाद्या गावी शाळामास्तर फावल्या वेळात ग्रंथालय सांभाळतो. त्याला अडचण आली तर विचारावयाचे कोणाला? दुसऱ्या गावी कोणी चांगली तोड काढली असेल, तर त्याला कळावयाचे कसे? शिक्षकाला अधिकारी भेटतो, तलाठ्याला कचेरी आहे. ग्रंथपालाला आजूबाजूला आपल्या जातीचा दुसरा माणूस दिसत नाही. धंद्यातला एकटेपणा हा पगाराच्या तुटपुंजेपणाइतकाच माणसाला खातो.

यावर बडोद्याच्या ग्रंथालयीन मंडळींनी शोधलेला उपाय म्हणजे एक नियतकालिक. 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे हे त्रैमासिक १९१२ साली निघाले. ग्रंथालये या एकाच विषयाला वाहिलेले हे हिंदुस्थानातले पहिले नियतकालिक. त्याची एक मोठी गंमत म्हणजे ते तीन भाषांत निघे: इंग्रजी, गुजराती आणि मराठी. इंग्रजीमुळे ते इतर प्रांतांत आणि परदेशी पोचे. गुजराती ही राज्यातल्या बहुतेक प्रजेची भाषा. आणि मराठी ही बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींची, राजघराण्याची, आणि पलीकडच्या महाराष्ट्राची. एका ग्रंथालयातली हकिगत दुसऱ्या ग्रंथालयाला, एका देशातली रीत दुसऱ्या देशाला कळावी, यासाठी तिन्ही भाषांना एका वेष्टनात घालून टपालात टाकावयाचे, ही कल्पना मोठी होती. ग्रंथालयशास्त्रावरील मराठी लेखनाचा आरंभ शोधू जाणाऱ्याला या पानांपाशी थांबावे लागते. ज्या भाषेत एखाद्या धंद्याचे लोक आपापसांत बोलतात, त्याच भाषेत त्या धंद्याची विद्या मुरते. नुसते वरून उतरलेले हुकूम भाषेत मुरत नाहीत.

बोर्डन परत गेल्यावर खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. बाहेरून पुन्हा साहेब आणावा लागला नाही, ही गोष्ट लहान नव्हे. बोर्डन यांच्या हाताखाली माणसे तयार झाली होती, याचा याहून चांगला दाखला कोणता? कुडाळकरांनी बडोद्याच्या चळवळीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९१९ साली प्रसिद्ध झाला. त्याच साली १४ नोव्हेंबर रोजी मद्रासला अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. आपल्या देशात १४ नोव्हेंबरपासून जो ग्रंथालय सप्ताह पाळतात, त्याचे मूळ या दिवसात आहे. त्या दिवशी बालदिनही असतो, म्हणून ही दुसरी आठवण मागे पडते. पण दिवाळीच्या मागेपुढे येणारा हा सप्ताह एका मराठी ग्रंथपालाच्या अध्यक्षतेची आठवण वागवितो, हे ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

'लायब्ररी मिसेलनी' मात्र त्याच सुमारास, १९१९ साली, बंद पडले. चांगली मासिके बंद पडणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. पण ग्रंथपालांना पत्राची सवय लागली होती. पुढे मोतीभाई आणि त्यांचे सहकारी यांनी ग्रंथालयांना पुस्तके व साहित्य पुरविणारी सहकारी संस्था काढली आणि 'पुस्तकालय' नावाचे गुजराती मासिक चालू केले. कुडाळकरांच्या मागून न्यूटन मोहन दत्त यांनी खाते सांभाळले. १९३१ साली मध्यवर्ती ग्रंथालय लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन असलेल्या नव्या इमारतीत गेले. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटापर्यंत झिरपावा म्हणून ती काच. पुस्तक शोधणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा विचार इमारत बांधताना झाला होता. पुढल्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी मराठी लेखकांनी सयाजीरावांना बसविले. १९३९ च्या फेब्रुवारीत महाराज वारले. मोतीभाईही त्याच वर्षी गेले.

या योजनेत उणीव नव्हती असे नव्हे. सारे राजाच्या इच्छेवर उभे होते. त्यामागे कायद्याचा आधार नव्हता. खेड्यातला ग्रंथपाल बहुधा फावल्या वेळचाच राहिला. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० साली ते गुजरातेत गेले. कायद्याचा मार्ग इकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली दाखविला. मद्रासने १९४८ साली. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो १ मे १९६८ पासून अमलात आला. राज्याचे ग्रंथालय संचालनालय झाले, ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान मिळू लागले. जिल्हा ग्रंथालय संघ प्रमाणपत्राचे वर्ग चालवू लागले. बडोद्याला जे शिक्षण एका शहरात मिळे, ते जिल्ह्याच्या गावी मिळू लागले, ही प्रगती खरीच.

पण वेतनाचे काय? २०२२ साली महाराष्ट्र शासनाने अनुदानात साठ टक्के वाढ केली, तेव्हा ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान, ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजार रुपये झाले. यातला निम्मा भाग कर्मचाऱ्याच्या वेतनाचा आणि निम्मा पुस्तके व इतर खर्चाचा. म्हणजे त्या वाढीनंतरही ग्रंथपालाच्या वाट्याला महिना दोन हजार रुपये आले. ज्याने रोज दार उघडावयाचे, वर्तमानपत्रे लावावयाची, दाखल नोंदवही भरावयाची, स्पर्धा-परीक्षांच्या मुलांना पुस्तके शोधून द्यावयाची आणि दिवाळीत खाकी कागद कापावयाचे, त्याला महिना दोन हजार! हे लिहिताना कोणावर दोष ठेवावा असा हेतू नाही. ग्रंथालय वाचते राहावे अशी आपली सर्वांचीच इच्छा असते. फक्त त्या इच्छेच्या हिशेबात माणूस अजूनही शेवटच्या ओळीत येतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

बडोद्याने शतकापूर्वी हा हिशेब उलटा मांडला होता. आधी माणूस शिकविला, मग पेट्या पाठविल्या, आणि पेट्यांमागून त्या माणसाला साथ देणारे पत्र पाठविले. पुस्तके तर इतर संस्थानांतही पुष्कळ होती. राजवाड्यांच्या दालनांत ती वाळवीच्या स्वाधीन झाली. बडोद्याची पुस्तके फिरली, कारण त्यांना फिरविणारी माणसे होती आणि त्या माणसांना आपण एका मोठ्या कुटुंबातले आहोत असे वाटत होते.

तेव्हा वाचकहो, हा अंक वाचून झाला की तारीख उलटण्यापूर्वी परत करा. रांगेत पुढचे घर वाट पाहत असेल. आणि परत करताना टेबलापलीकडच्या त्या गृहस्थांना किंवा बाईंना त्यांचे नाव विचारा. कित्येक वर्षे आपण त्यांना 'अहो वाचनालयवाले' म्हणत आलो आहोत. वार्षिक सभा लवकरच असेल. त्या सभेत पुस्तकखरेदीच्या ठरावानंतर आणखी एक विषय काढता येईल, आणि वर्गणीत दहा रुपये वाढवावयास आपली हरकत नाही, हे तेथे उभे राहून सांगता येईल.